त्या ‘चॅलेंज व्होट’च्या मेसेजमधलं एकेक वाक्य

निवडणुकीचा नुसता वास आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. या खेपेला एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला, भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या आणि केळीच्या भावाच्या ग्रुपवर (तिथं खरं म्हणजे रावेर-बऱ्हाणपूरचा भाव सोडून काही टाकायचं नाही असं ठरलंय, पण ऐकतं कोण). ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नसेल तर घाबरू नका, आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, कलम ४९ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत टाका. तुमचं मत दुसऱ्यानं टाकून दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या बूथवर १४ टक्क्यांच्या वर टेंडर व्होट झाले तर तिथं फेरमतदान होतं. आमच्याकडे फिरतो त्या अवतारात खाली अजून एक ओळ चिकटवलेली आहे, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर सगळे उमेदवार बाद अन् निवडणूक परत. आणि शेवटी ते नेहमीचं, जागरूक नागरिक असाल तर दहा ग्रुपवर पाठवा.

मी काही वकील नाही. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला आणि वर्षभर मतदार यादीचे फॉर्म, नमुना ६, नमुना ८. दोन-तीन निवडणुकांना पोलिंग एजंट म्हणजे उमेदवाराचा माणूस म्हणून बूथवर बसलोय. तेव्हा या मेसेजबद्दल बोलायचा तेवढा अधिकार मला आहे असं मी समजतो, आणि राग यायचं कारणही आहे, ते म्हणजे आमची जिजी.

जिजी म्हणजे माझी थोरली काकू. पंच्याहत्तरीच्या पुढची. एक मुलगा गावाला शेती बघतो, दुसरा सुरतला. ती वर्षातून चार-पाच महिने तिकडे असते, पण मत मात्र आयुष्यभर गावातच टाकलं. लोकसभेला १३ मे २०२४ ला, असल्या उन्हात, डोक्यावर ओला पंचा घेऊन येऊन टाकून गेली. विधानसभेला २० नोव्हेंबरला परत आली, रात्रीच्या गाडीनं, बरोबर नातू. मी त्या दिवशी झेडपीच्या शाळेतल्या आमच्याच बूथवर एजंट होतो, पहाटे साडेपाचला मॉक पोलला हजर, बिस्किटावर दिवस काढलेला. साडेदहाच्या सुमारास जिजी आत आली आणि पहिल्या टेबलवरच्या सरांनी यादीची पानं पुढे-मागे केली. परत पुढे-मागे केली. नाव नाही.

नातवानं लगेच मोबाईल काढला, केंद्राध्यक्ष मॅडमच्या नाकासमोर धरला, “मॅडम, कलम ४९ए, चॅलेंज व्होट, आम्हाला अधिकार आहे.” मॅडम बिचाऱ्या दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षिका, आदल्या दिवशीपासून मशिन सांभाळत त्याच शाळेत मुक्कामाला. त्यांनी हँडबुक काढलं, समजावलं, नातू ऐकेना, आवाज वाढला, पोलीस आत आला, बाहेरची रांग आत डोकावायला लागली. पंचवीस-तीस मिनिटं तोच खेळ. आणि या सगळ्यात जिजी बाकावर बसून माझ्याकडे बघून म्हणते, “मनं नाव कथा गयं रे भाऊ? मी ते आजून जिती शे ना!” (माझं नाव कुठं गेलं, मी तर अजून जिवंत आहे ना.)

ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

तर आता तो मेसेज घेऊ. पहिलं वाक्य, ४९ए. हे कलम खरंच आहे बरं का, कोणी हवेतून काढलेलं नाही. निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये आहे. पण त्यात लिहिलंय काय, तर मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असेल आणि त्याची बनावट आयोगानं मंजूर केलेली असेल. संपलं. म्हणजे आमचा पोरगा मॅडमला ठणकावून सांगत होता की मला मशिनच्या बनावटीच्या कलमाखाली मत टाकू द्या. बसच्या कंडक्टरला मोटार वाहन कायद्यातलं टायरचं कलम दाखवून अर्धं तिकीट मागण्यासारखं आहे हे.

बरं ‘चॅलेंज व्होट’ नावाचं तरी काही आहे का? आहे, पण नेमकं उलटं. त्याच नियमांत ४९जे आहे. त्यात चॅलेंज मतदार करत नाही, चॅलेंज करतो माझ्यासारखा पोलिंग एजंट. समजा कोणी आत आला आणि म्हणाला मी अमुक अमुक, आणि मला माहितीये की तो अमुक सहा महिन्यांपासून पुण्यात आहे आणि हा त्याचा चुलतभाऊ आहे, तर मी हात वर करून म्हणायचं की मी याची ओळख चॅलेंज करतो. त्यासाठी मला रोख दोन रुपये भरावे लागतात. हो, दोन रुपये, तेही दर चॅलेंजला. चहा दहा रुपयाला झाला तरी चॅलेंज अजून दोन रुपयातच आहे. मग केंद्राध्यक्ष त्या माणसाला यादीतली नोंद वाचून दाखवतात, प्रश्न विचारतात, गावातल्या ओळखीच्याला विचारतात. माणूस खरा निघाला तर त्याला मत टाकू देतात, आणि मी उगाच त्रास द्यायला चॅलेंज केलं असं वाटलं तर माझे दोन रुपये सरकारजमा. माणूस खोटा निघाला तर मत नाही आणि थेट पोलिसाच्या ताब्यात. म्हणजे ज्याला मेसेजवाले मत मिळवायचा हक्क म्हणून राहिले तो मुळात मत अडवायचा हक्क आहे, आणि तोही यादीत ज्याचं नाव आहे अशाच नावावर चालतो. नावच नाही तर चॅलेंज कशाला करायचं?

यादीत नाव नसेल तर मत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ मध्ये पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय. केंद्राध्यक्ष सोडा, त्या दिवशी कलेक्टर स्वतः गाडी घेऊन आले तरी नाव घालू शकत नाहीत, कारण १९५० च्या कायद्यात कलम २३ आहे, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की निवडणूक उरकेपर्यंत त्या यादीत नाव घालणं, काढणं, हलवणं सगळं बंद. आयोगानंही हा मेसेज खोटा असल्याचं सांगून झालंय, पण ते सांगणं दहा ग्रुपवर जात नाही ना.

आधारचं तर आमच्या खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज पडू नये. देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० ला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. तेव्हापासून आपण आधार खिशात घेऊन फिरतोय. पण आधार एवढंच सांगतं की हा माणूस म्हणजे हाच माणूस. त्याचं नाव अमुक बूथच्या यादीत आहे हे आधार सांगत नाही. जिजीकडे आधार होतं, मतदार कार्ड पण होतं, ते जुनं काळं-पांढरं फोटोवालं, लॅमिनेशन सुटलेलं, पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. दोन्ही खरे. आणि दोन्हीचा उपयोग शून्य, कारण ती ओळखपत्रं आहेत. रेशन कार्ड घरात आहे म्हणून दुकानात माल आलाच असेल असं थोडीच असतं.

आता टेंडर व्होट. इथं मात्र मेसेज अर्धा खरा आहे आणि माझ्या मते म्हणूनच जास्त घातक आहे. नियम ४९पी. तुमचं नाव यादीत आहे, तुम्ही गेलात, आणि कळलं की तुमच्या नावावर कोणीतरी आधीच शाई लावून गेलाय, तर तुम्हाला टेंडर मत द्यायचा अधिकार आहे. केंद्राध्यक्ष तुमच्या ओळखीबद्दल प्रश्न विचारतील, पटलं की १७बी नावाच्या यादीत तुमची सही, आणि तुमच्या हातात येईल कागदाची मतपत्रिका. मशिन नाही. त्यावर शिक्का मारायचा, घडी घालून परत द्यायची, आणि केंद्राध्यक्ष ती वेगळ्या पाकिटात टाकून ठेवणार.

त्याच दिवशी आमच्याच बूथवर दुपारी चारला हे झालं. पुण्याला कंपनीत असणारा एक पोरगा रजा टाकून आला, बघतो तर त्याच्या नावावर मतदान झालेलं. मी एजंट असून मलाच कळलं नाही कोण टाकून गेला, गर्दीच्या वेळेत आत-बाहेर चालूच असतं, तेव्हा दोष माझाही आहे. त्याला टेंडर मत मिळालं, बाहेर जाऊन त्यानं शाईच्या बोटाचा सेल्फी टाकला, खाली लिहिलं की हक्क सोडला नाही. त्याला मी त्या दिवशी सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून, पण ते पाकीट मतमोजणीच्या दिवशी उघडतच नाहीत. टेंडर मतं मोजायची नाहीत असाच नियम आहे. त्याच्या नावावर जो चोर टाकून गेला त्याचं मत मशिनमध्ये आहे, ते मोजलं गेलं. ह्याचं पाकिटात.

मग त्याचा उपयोगच काय? उपयोग एकाच वेळेला, निकाल अगदी काठावरचा लागला आणि कोणी कोर्टात गेलं तर. राजस्थानात २००८ ला नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मतानं हरले, अक्षरशः एका, ते प्रकरण टेंडर मतांसकट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. अलीकडचं म्हणजे २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम, रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, अमोल कीर्तिकर हायकोर्टात गेले, त्यातही टेंडर मतांचा मुद्दा होता, डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टानं याचिका फेटाळली. म्हणजे टेंडर मत म्हणजे साध्या भाषेत पुरावा. चोरी झाली त्याचा पंचनामा. पंचनामा करायलाच पाहिजे, जरूर मागा, पण पंचनामा झाला म्हणजे बैल परत मिळाला असं नसतं.

तिसरं, ते १४ टक्के. हे कुठून आलं देव जाणे. बारा नाही, पंधरा नाही, चौदा. असा आकडा टाकला की खोटं बोलणं एकदम सरकारी वाटतं. कायद्यात फेरमतदानाची कलमं ५८ आणि ५८ए, मशिन फोडली, पळवली, बिघडली, मतदानात मोठा गोंधळ झाला, बूथ ताब्यात घेतलं, असं काही झालं तर निर्णय आयोग घेतो. टक्केवारी तिथं कुठंच नाही. पण कायदा राहू द्या, नुसता हिशोब करा ना भो. समजा बूथवर हजार मतदार आहेत आणि साडेसहाशे मतं पडली. त्याचे चौदा टक्के म्हणजे एक्याण्णव. आता बूथवर साहित्य वाटप होतं तेव्हा टेंडर मतासाठी कागदी मतपत्रिका किती देतात माहितीये? वीस. एकूण वीस. जास्त लागल्या तर झोनल ऑफिसरला फोन करून मागवायच्या. ज्यानं मेसेज लिहिला त्यानं आयुष्यात साहित्य वाटपाच्या मंडपात पाय ठेवलेला नाही हे इथंच कळतं.

चौथी ओळ नोटाची. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल दिला आणि मशिनवर नोटाचं बटन आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडू द्या, उमेदवारांमध्ये ज्याला जास्त तो निवडून आला. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन ठिकाणी नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, काही बिघडलं नाही कोणाचं. २०२४ ला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी माघार घेतली म्हणून त्या पक्षानंच नोटा दाबा सांगितलं, २ लाख १८ हजार ६७४ मतं पडली नोटाला, आणि शंकर लालवानी तरी अकरा लाखाच्या वर फरकानं खासदार झाले.

यात एक गंमत आहे, ती खास आपल्याकडची. स्थानिक निवडणुका, म्हणजे महापालिका, नगरपालिका, त्या राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा. त्यानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक परत घ्यायची. आणि लगेच पुढच्या महिन्यात निवडणूक कुठली होती, तर आपल्या धुळ्याची आणि नगरची महापालिका. म्हणजे मेसेजमधली ही ओळ महापालिकेला थोडीफार लागू पडते आणि खासदार-आमदाराला अजिबात नाही, पण फॉरवर्ड करणारा एवढ्या बारकाईत कशाला शिरेल. आणि नोटा तरी हातात असायला निवडणूक व्हायला पाहिजे. सुरतला आपली खान्देशी माणसं किती आहेत, अहिराणी ऐकू येते रस्त्यावर. २०२४ ला सुरत मतदारसंघाची लोकसभेची निवडणूक बिनविरोध झाली, २२ एप्रिललाच मुकेश दलाल विजयी म्हणून जाहीर. जिजीचा सुरतवाला मुलगा घरी बसून राहिला, ना उमेदवार ना नोटा.

आता मुद्दा असा येईल, आणि ग्रुपवर आलाच, की जाऊ द्या ना भाऊ, मेसेज थोडा चुकला असेल पण लोक जागृत तर होतात, नुकसान काय? नुकसान सांगतो. त्या अर्ध्या तासात बाहेर रांगेत पन्नास-साठ बाया होत्या. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणी. कायद्यानं मतदानाच्या दिवशी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी आहे, १३५बी कलम, पण कापूस वेचायला किलोवर जाणारीला कोण देतं भरपगारी? त्या सकाळी मत टाकून वावरात जायच्या होत्या. त्यातल्या पंधरा-वीस जणी रांग सोडून गेल्या. संध्याकाळी सहाच्या आत काही आल्या, सगळ्या नाही आल्या, मी एजंट म्हणून मोजत होतो.

आणि ती गेलेली मतं म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. २०२४ ला धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला, सहा विधानसभा मिळून. त्यातल्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेला फरक १६२ मतांचा. नवापूरला १,१२१. रांग सोडून गेलेल्या पंधरा बाया आणि यादीतून गेलेल्या दहा जिज्या, असे बूथ किती लागतील याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

पण खरा राग मला मेसेजवर नाहीच, तो कुठून आला त्यावर आहे. नातवाला तो मेसेज पाठवला होता आमच्याच गल्लीतल्या एका कार्यकर्त्यानं. पक्ष सांगत नाही, कारण उद्या दुसऱ्या पक्षाचा असता तरी हेच केलं असतं. निवडणूक झाल्यावर दहा-बारा दिवसांनी तो माझ्या दुकानात यादी झेरॉक्सला घेऊन आला, पुढच्या नगरपालिकेची तयारी म्हणे. यादी फोडायची होती, गल्लीनिहाय. मी पानं काढता काढता बघतोय, अख्खी यादी रंगवलेली. पिवळं म्हणजे आपलं, गुलाबी म्हणजे बाहेरगावचं, गाडी पाठवायची, आणि काहींच्या पुढे नुसता प्रश्न. मागे पुरवणी जोडलेली, वगळलेल्या नावांची. वगळलेल्या नावापुढे एक अक्षर असतं, मयत असेल तर ई, स्थलांतरित एस, दुबार आर, सापडत नाही एम, अपात्र क्यू. जिजीच्या नावापुढे एस. म्हणजे लोकसभेनंतर कोणीतरी घराला कुलूप बघितलं किंवा कोणी नाव काढायचा नमुना ७ दिला, आणि सुरतला गेली म्हणून नाव काढलं. नोटीस आली असेल तर कुलपाला चिकटवून गेले असतील, आम्हाला नाही मिळाली.

त्याच पानावर अजून सात-आठ एसवाली नावं होती आणि त्यातल्या चौघांपुढे त्याच्या अक्षरात पेनानं लिहिलेलं, ‘६ भरला’. म्हणजे दसऱ्याच्या सुमारासच, मुदत होती तेव्हाच, त्याला माहिती होतं कोणाकोणाची नावं उडाली. पिवळ्यांचे फॉर्म त्यानं स्वतः भरून दिले. जिजी पिवळी नव्हती. तिच्या नातवाला त्यानं मेसेज पाठवला.

मी विचारलं त्याला. म्हणाला, “अरे भो, माझ्या लक्षात नाही राहिलं.” झेरॉक्सचे पैसे देऊन गेला.

हे मी एवढं सविस्तर सांगतोय कारण पुढाऱ्यांना यादीचं महत्त्व माहिती नाही असं कोणी समजू नये. मान्यताप्राप्त पक्षांना आयोग यादी फुकट देतो. प्रत्येक बूथला आपला बूथ लेव्हल एजंट नेमायचा अधिकार पक्षाला आहे, बीएलओच्या (बूथच्या यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसाच्या) जोडीनं नावं तपासायची, हरकती घ्यायच्या. सभेत मात्र यातलं काही बोलत नाहीत. सभेत जात, रस्ता, लाडकी बहीण, कापसाचा भाव, आणि समोरचा किती चोर आहे ते. निकाल लागल्यावर हरलेला म्हणतो यादीत घोळ होता, जिंकलेला म्हणतो रडू नका, आणि पाच वर्षांनी जागा बदलल्या की वाक्यं पण बदलतात. मतदारानं यादी हातात घेऊन बसावं असं खरंच वाटणारा पुढारी मी तरी जवळून बघितला नाही, आणि का वाटावं त्याला? यादी वाचणारा मतदार प्रश्न विचारतो. मेसेज वाचणारा मतदार मॅडमशी भांडतो.

२०२५ ला बिहारचं बघितलंच आपण. यादीची विशेष तपासणी झाली, ७ कोटी ८९ लाख नावं होती, १ ऑगस्टच्या कच्च्या यादीत ७ कोटी २४ लाख उरली. पासष्ट लाख नावं. सुप्रीम कोर्टानं १४ ऑगस्टला सांगितलं की ती पासष्ट लाख नावं कारणासकट जाहीर करा, तेव्हा बूथनिहाय याद्या लागल्या. त्यातली किती बरोबर काढली, किती चुकीची, यावर दोन्हीकडून भांडण झालं, त्यात मी पडत नाही. पण ते सगळं भांडण मतदानाच्या तीन महिने आधीचं होतं. निवडणूक जिथं खरी लढली जाते ती जागा ती आहे, आणि आपण मात्र मतदानाच्या दिवशी साडेदहा वाजता ४९ए घेऊन उभे.

बरं हेही मान्य करतो की आमच्या लोकांचीही चूक असते. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी कित्येकांची नावं दोन ठिकाणी आहेत, गावाला पण आणि सुरत-नाशिकला पण. गावाला भावकीचं मत असतं ना, ते सोडवत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात आजपर्यंत कोणाला झाली? पण मग तपासणी आली की खऱ्या माणसांबरोबर हे पण गुंडाळले जातात, आणि दुबारवाला तिकडे मत टाकून मोकळा होतो, जिजीसारखी एकाच ठिकाणी नाव असलेली मरते.

काय करायचं ते दोन ओळींत. नाव वर्षातून दोनदा बघायचं, आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर, नाहीतर १९५० ला फोन करून. नवीन नाव किंवा एकदा उडालेलं नाव परत घालायचं तर नमुना ६, पत्ता-दुरुस्ती नमुना ८. अठरा पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षात चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळे पोरांनी जानेवारीची वाट बघायची गरज नाही. आणि निवडणूक जाहीर झाली की त्याच आठवड्यात परत एकदा बघायचं, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की दार बंद. दुकानात या, नाव बघायचे मी पैसे घेत नाही, प्रिंटचे पाच रुपये.

जिजीचा नमुना ६ मी डिसेंबरातच भरला. वयाच्या पंच्याहत्तरीनंतर नवीन मतदार म्हणून. फोटो काढताना म्हणाली कुंकू नीट येऊ दे. बीएलओ बाई घरी आल्या तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला आणि त्यांच्याकडून आपलं नाव दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. आता नाव आहे, अनुक्रमांक आठशेच्या पुढे, पुरवणी यादीत, अठरा वर्षांच्या दोन पोरांच्या मध्ये. सुरतला जायच्या आधी दर वेळेला स्टँडवर जाताना दुकानाशी रिक्षा थांबवते, पिशवी मांडीवरच ठेवते, आणि म्हणते, “एकदाव दखाड बरं.” मी मोबाईलवर काढून दाखवतो. तिला वाचता येत नाही, फोटो बघते.